लिओ वराडकरांचं आजोळ डनगार्व्हन: एका आयरिश बाजारगावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डनगार्व्हन नेमकं कुठे आहे?

आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, वॉटरफर्ड काउंटीत. वॉटरफर्ड शहर पूर्वेला साधारण ४५ किलोमीटरवर आणि कॉर्क पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर. या दोन शहरांना जोडणारा एन-२५ महामार्ग गावाला लागूनच जातो. पाठीशी कोमेरा डोंगर, समोर पूर्वेकडे उघडणारं उथळ बंदर. कॉलिगन नदी गावाचे दोन भाग करते: पश्चिमेला मूळ डनगार्व्हन आणि पलीकडे ॲबीसाइड. वस्ती दहा हजारांच्या आसपास. आपल्या हिशेबात हे फार तर मोठं खेडं ठरेल, पण आयर्लंडमध्ये एवढ्या वस्तीच्या गावाला हॉस्पिटल, कोर्ट, शाळा, बँका सगळं असतं आणि आजूबाजूचे शेतकरी प्रत्येक कामाला तिथेच येतात.

लिओ वराडकर इथलेच ना?

नाही, पण नातं खरं आहे. त्यांच्या आई मिरियम या डनगार्व्हनच्या. व्यवसायाने नर्स. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, आणि घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. दोघांची भेट इंग्लंडमध्ये स्लाऊला झाली, १९७१मध्ये लग्न झालं, काही काळ ते भारतात राहिले आणि १९७३मध्ये डब्लिनला स्थायिक झाले. लिओ यांचा जन्म १९७९चा, डब्लिनचा. २०१७ ते २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ ते आयर्लंडचे पंतप्रधान होते. डिसेंबर २०१९मध्ये ते वराडला येऊन गेले तेव्हा मराठी वाहिन्यांनी गावचं घर, गावचं देऊळ, गावची माणसं सगळं दाखवलं. आजोळाची मात्र कोणी फारशी विचारपूस केली नाही. या पानावर ती करायची आहे.

नावाचा उच्चार काय?

डन-गार्-व्हन, जोर मधल्या अक्षरावर. आयरिशमध्ये डून गारव्हान, म्हणजे गारव्हानची गढी. हा गारव्हान सातव्या शतकातला संत, अशी परंपरा आहे.

‘बाजारगाव’ म्हणजे आठवडी बाजार भरतो तसं गाव का?

तेवढंच नव्हे. आयर्लंडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, आठवड्याचा बाजार: लोणी, अंडी, बटाटे, कोंबड्या, मासे. दुसरी, जत्रेसारखा मोठा जनावरांचा बाजार, वर्षातल्या ठरलेल्या तारखांना. दोन्ही भरवायचा हक्क राजाच्या सनदेने मिळायचा, आणि ज्याच्याकडे हक्क तो जकात घ्यायचा. त्यामुळे बाजार ही जमीनदाराच्या दृष्टीने मिळकत होती आणि गावाच्या दृष्टीने प्रतिष्ठा. डनगार्व्हनला पहिल्या जेम्सने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सनद दिली.

जनावरांचा बाजार भर रस्त्यात भरायचा. पहाटे अंधारातच शेतकरी गुरं हाकत गावात शिरत. दुकानदार खिडक्यांना फळ्या ठोकून ठेवत, कारण बैल काचेत घुसला तर भरपाई कोण देणार? सौदा मात्र पाहण्यासारखा असे. खरेदीदार किंमत सांगून पाठ फिरवून चालू लागे. दलाल त्याचा हात धरून त्याला मागे ओढी. विकणारा मान हलवी. मग दलाल दोघांचे हात एकमेकांत कोंबून म्हणे, फरक अर्धा अर्धा करा. तळहातावर थुंकून जोरात टाळी दिली की सौदा पक्का. पैसे हातात पडल्यावर विकणाऱ्याने त्यातलं एखादं नाणं खरेदीदाराला परत द्यायचं, जनावर लाभावं म्हणून. त्यानंतर दोघं जवळच्या पबमध्ये जाणार हे ठरलेलं.

डुकराला तर आयरिश शेतकरी ‘घराचं भाडं भरणारा साहेब’ म्हणत. ते विकून जमीनदाराचा हप्ता जायचा, घरच्या ताटात त्यातलं क्वचितच काही पडायचं.

१९५०-६०च्या दशकांत सहकारी संस्थांचे लिलावघर आले, वजनकाटा आला, कठड्यांमागे गुरं उभी राहिली आणि रस्त्यावरचे बाजार देशभर बंद पडत गेले. रस्ते स्वच्छ झाले, दलालांची जात संपली. पबवाल्यांचं नुकसान किती झालं ते त्यांनाच विचारावं.

किल्ला किती जुना?

११८५चा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने आपला धाकटा मुलगा जॉन याला आयर्लंडला पाठवलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. हाच पुढे राजा झाला आणि १२१५मध्ये बंडखोर सरदारांपुढे नमून मॅग्ना कार्टावर मोहर उठवली. बंदराच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी त्याच्या काळात ही गढी बांधली गेली. मधला बालेकिल्ला बहुकोनी आहे. हा प्रकार इंग्लंडमध्ये बराच दिसतो, आयर्लंडमध्ये दुर्मीळ.

तटाच्या आत गेलात तर मात्र अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. समोर अठराव्या शतकातली, सरळसोट खिडक्यांची लष्करी बराक उभी असते. इंग्रज फौज, मग पोलीस तिथे १९२२पर्यंत होते. त्यानंतरच्या यादवी युद्धात इंग्लंडशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी ती जाळली, नव्या सरकारने दुरुस्त केली आणि १९८७पर्यंत तिथे गावचं पोलीस ठाणं होतं. म्हणजे आठशे वर्षं या जागेने एकच काम केलं: सत्ता बदलली तरी नव्या सत्तेचा माणूस इथेच येऊन बसला. आज सरकारी खातं ते वारसास्थळ म्हणून सांभाळतं आणि उन्हाळ्यात ते पाहता येतं.

क्रॉमवेलने हे गाव का जाळलं नाही?

गावात सांगतात ती गोष्ट अशी: डिसेंबर १६४९मध्ये आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्लिश सेनापती क्रॉमवेलची फौज दारात आली तेव्हा नेगल आडनावाच्या एका बाईने त्याच्या नावाने पेला उचलला आणि सैनिकांना बिअर पाजली. क्रॉमवेल खूश झाला, गाव वाचलं. गोष्ट छान आहे. पण ड्रॉईडा आणि वेक्सफर्डला त्याच्या फौजेने केलेल्या कत्तली ऐकून गाव आधीच शरण आलं होतं, हे कारण मला जास्त पटतं. नक्की घडलेली एक गोष्ट सांगता येते. क्रॉमवेलचा घोडदळाचा मोठा सेनानी मायकल जोन्स याच डनगार्व्हनमध्ये १० डिसेंबर १६४९ला तापाने मेला. बिअरने त्याला काही वाचवलं नाही.

गावाच्या मधला चौक इतका मोठा आणि आखीव कसा? बाकीची आयरिश गावं अशी नसतात.

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

ग्रॅटन स्क्वेअरमध्ये उभं राहिलं की चारही बाजूंनी तीन मजली, एका उंचीची घरं दिसतात. खाली दुकानं, वर राहणं. सरळ रस्ते त्यात येऊन मिळतात. किल्ल्याजवळच्या जुन्या, वाकड्यातिकड्या गल्ल्यांशी याचा काही संबंध नाही. हे गाव दोनदा बांधलं गेलं, आणि दुसऱ्यांदा ते एका ड्यूकने बांधलं.

डेव्हनशरचे ड्यूक, म्हणजे कॅव्हेंडिश घराणं, हे इंग्लंडमधले बडे जमीनदार. बॉयल घराण्यातल्या मुलीशी लग्न झाल्यामुळे १७५३मध्ये वॉटरफर्ड-कॉर्ककडची प्रचंड जमीन त्यांच्याकडे आली. लिस्मोरचा किल्ला आजही त्यांच्याकडेच आहे. डनगार्व्हनची बरीच मालकीही त्यांचीच. पण १८००च्या आसपास गाव म्हणजे मातीच्या झोपड्या, उथळ बंदर आणि नदीवर पूल नाही अशी अवस्था. ॲबीसाइडला जायचं तर होडीने, नाहीतर ओहोटीच्या वेळी चिखलातून.

मग ड्यूकने एवढा पैसा का ओतला? कळवळ्याने? थोडासा असेल. पण डनगार्व्हनमधून वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेत, एक खासदार जायचा. बऱ्याच बरोमध्ये, म्हणजे खासदार निवडणाऱ्या गावांमध्ये, मतदार बोटांवर मोजण्याइतके असत. इथे मात्र ठराविक किमतीचं घर असलेल्या रहिवाशाला मत होतं. म्हणजे चांगली घरं वाढली की मतं वाढली, आणि घरमालक आपण असलो की मतंही आपली. मतदान गुप्त नव्हतं, ती सोय १८७२मध्ये आली. कोणी कुणाला मत दिलं हे ड्यूकच्या कारभाऱ्याला सगळ्यांसमोर ऐकू यायचं. चौक, नवे रस्ते, धक्के, बाजाराच्या जागा, भाड्याने दिलेली घरं हे सगळं या हिशेबात बसतं. १८१६मध्ये नदीवर भराव आणि एका कमानीचा दगडी पूल झाला, तो आजही वाहतुकीला आहे.

हिशेब काही काळ जुळला. ड्यूकच्या नात्यातला जॉर्ज लॅम १८२२पासून खासदार होता. पण १८२९मध्ये कॅथलिकांना संसदेची दारं उघडली आणि कॅथलिक पुढारी डॅनियल ओ’कॉनेलच्या चळवळीने भाडेकरूंची मनं फिरवली. ड्यूकच्या घरात राहून ड्यूकच्या विरुद्ध मत द्यायला लोक शिकले. १८४१मध्ये ओ’कॉनेलचा जुना सहकारी, वक्ता रिचर्ड लेलर शील इथून निवडून आला. १८६०च्या सुमारास घराण्याने गावातली मालकी विकून टाकली.

मतं गेली, चौक राहिला. गावाला पुढे हेन्री ग्रॅटनचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या आयरिश संसदेच्या पुढाऱ्याचं नाव त्याला द्यावंसं वाटलं. पूल मात्र अजून डेव्हनशरच्याच नावाचा आहे.

चौकापेक्षा जुनं बाजाराचं काही शिल्लक आहे का?

आहे. मेन स्ट्रीटच्या खालच्या टोकाला सतराव्या शतकाच्या अखेरचं जुनं मार्केट हाउस आहे. इंग्रजी सत्तेविरुद्धचं १७९८चं बंड मोडल्यानंतर एडमंड पॉवर या बंडखोराला १७९९मध्ये इथे फाशी दिलं गेलं. बाजाराच्या इमारतीवरच, कारण लोक जमतात तिथेच दहशत बसते. आता तिथे कलादालन आहे. आत चित्रं पाहणाऱ्यांपैकी अनेकांना दारावरून जाताना हे ठाऊक नसतं.

महादुष्काळात इथे काय झालं?

१८४५पासून बटाट्यावर करपा पडला. १८४६चं पीक जवळजवळ पूर्ण गेलं. गरिबाचं जेवण म्हणजे बटाटाच. ओट, गहू हे भाडं भरण्यासाठी विकायचे. त्यामुळे दुष्काळातही डनगार्व्हनच्या धक्क्यावरून धान्याची जहाजं भरून जात होती. उपाशी माणसं ते समोर पाहत होती.

२८ सप्टेंबर १८४६ला आजूबाजूच्या खेड्यांतून मोठा जमाव गावात आला. मागण्या साध्या होत्या: धान्य बाहेर पाठवू नका, भाव उतरवा, काम द्या. व्यापाऱ्यांना तशी तंबी दिली गेली. म्होरक्याला पकडल्यावर जमाव भडकला, दगड आले आणि घोडदळाने गोळ्या झाडल्या. अनेक जखमी झाले. मायकल फ्लेमिंग नावाचा गाडीवान पुढे जखमांनी मेला.

यानंतरची तीन-चार वर्षं वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात निवारा देणाऱ्या सरकारी आश्रमाची. त्यात शिरायचं तर कुटुंब फुटायचं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. मेलेल्यांना गावातल्या दफनभूमीत जागा उरली नाही. गावाबाहेर यॉलच्या रस्त्यावर रेलिग अन ट्लेव्ह नावाची जागा आहे. डोंगराच्या उतारावरचं साधं गवताळ रान, एक मोठा क्रूस. शेकडो माणसं नावाशिवाय तिथे पुरली आहेत. गावात एकच जागा पाहायला वेळ असेल तर किल्ला सोडा आणि इथे जा, असं मी सांगेन.

इथे आयरिश भाषा बोलतात का?

गावात इंग्रजीच. पण खाडीच्या दक्षिणेला, गाडीने पंधरा मिनिटांवर, रिंग आणि ओल्ड पॅरिश ही आयरिश भाषिक गावं आहेत. देशाच्या या कोपऱ्यात तेवढंच बेट उरलं आहे. रिंगमध्ये १९०५मध्ये सुरू झालेलं कॉलेज आहे, जिथे देशभरातली मुलं उन्हाळ्यात भाषा शिकायला येऊन राहतात. डनगार्व्हनच्या सुपरमार्केटच्या रांगेत मागची दोन माणसं आयरिश बोलताना ऐकू आली तर ती बहुधा तिकडचीच.

रिंगच्या टोकाला हेल्विक हे छोटं कोळ्यांचं बंदर. १८६७च्या १ जूनला न्यूयॉर्कहून शस्त्रं घेऊन निघालेलं ‘एरिन्स होप’ हे फिनियन, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या क्रांतिकारकांचं जहाज इथे पोचलं. पण उठाव मार्चमध्येच चिरडला गेला होता. तीसेक माणसं मासेमारीच्या होडीतून किनाऱ्यावर उतरली आणि लगेच पकडली गेली. शस्त्रं तशीच परत गेली.

स्वातंत्र्ययुद्धात गावाचा सहभाग होता का?

होता. १९२१च्या १८-१९ मार्चच्या रात्री गावाबाहेर बर्जरी इथे आयआरएने (आयरिश रिपब्लिकन आर्मी) इंग्रजांच्या गाड्यांवर छापा घातला. इंग्रजांनी टाकून दिलेली शस्त्रं शोधायला पहाटे परत गेलेले दोन स्वयंसेवक मारले गेले, आणि पकडलेल्या पोलीस सार्जंटला आयआरएने गोळी घातली. तो सार्जंट आयरिशच होता. गावात दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होती, हे अशा छोट्या गावांच्या युद्धाचं वैशिष्ट्य आणि दुखणं.

रेल्वे आहे का?

नाही. होती. वॉटरफर्डहून डनगार्व्हनमार्गे जाणारी लाइन १८७८ला सुरू झाली. यादवी युद्धात बॅलिव्हॉइलचा उंच पूल उडवला गेला, आणि १९२३च्या सुरुवातीला एक गाडी पकडून त्या मोकळ्या खिंडारात सोडून देण्यात आली. पूल पुन्हा बांधला. प्रवासी गाड्या मार्च १९६७मध्ये बंद झाल्या. नंतर बॅलिनाकोर्टीच्या मॅग्नेसाइट कारखान्यासाठी काही वर्षं मालगाड्या धावल्या, १९८२मध्ये त्याही थांबल्या.

मार्च २०१७मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच मार्गावर ४६ किलोमीटरचा सायकल आणि पायी रस्ता खुला झाला. तीन उंच कमानी पूल, अकरा छोटे पूल आणि सुमारे ४०० मीटरचा बोगदा. बोगद्याच्या भिंतींवर शेवाळ आणि नेचे, आत दिवे, आणि बाहेर पडताच एकदम समोर समुद्र. गावाची अर्थव्यवस्था या रस्त्याने बदलली हे नक्की. शनिवार-रविवारी सायकलवाल्यांनी चौक भरतो.

कुत्र्याचं स्मारक खरंच आहे?

खरंच आहे. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला चुनखडीच्या दगडाचा टोकदार स्तंभ उभा आहे, मास्टर मॅग्रा या शिकारी कुत्र्याचा. जन्म १८६६, गावाजवळ कॉलिगनमध्ये. लहानपणी किरकोळ म्हणून जवळजवळ टाकून दिलेला. त्याने सशामागे धावण्याची इंग्लंडमधली सर्वांत मानाची स्पर्धा, वॉटरलू कप, १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा जिंकली. एक सोडली तर तो एकही शर्यत हरला नाही. राणी व्हिक्टोरियाने त्याला मुद्दाम बोलावून पाहिलं. मालक लॉर्ड लर्गन हा उत्तरेकडचा जमीनदार होता, पण कुत्रा इंग्रजांच्या कुत्र्यांना हरवतोय म्हटल्यावर मालक कोण याची चर्चा कोणी केली नाही. पैजा लावणाऱ्यांनी त्याला राष्ट्रपुरुष केलं.

इथल्या कुणाला नोबेल मिळालं होतं म्हणे?

अर्नेस्ट वॉल्टन. जन्म ६ ऑक्टोबर १९०३, ॲबीसाइड. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक असल्याने दर थोड्या वर्षांनी बदली व्हायची, त्यामुळे त्याचं बालपण काही इथे गेलं नाही. १९३२मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्टबरोबर त्याने वेगवान प्रोटॉन लिथियमवर सोडले आणि अणुकेंद्र फुटलं. १९५१मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानातलं आयर्लंडचं ते पहिलं.

आता गंमत पाहा. ती प्रयोगशाळा उभारायला पैसे दिले सातव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने, म्हणजे ज्याच्या काळात डनगार्व्हनची मालकी विकली गेली त्यानेच. ड्यूकला या गावातून मतं टिकवता आली नाहीत, पण त्याच्या प्रयोगशाळेला या गावातला एक माणूस मिळाला.

बंदर एवढं मोठं दिसतं, मग जहाजं का नाहीत?

ओहोटीच्या वेळी या म्हणजे कळेल. पाणी इतकं मागे सरतं की डेव्हिट्स की या धक्क्याला बांधलेल्या होड्या चिखलात कलंडून पडतात. त्यात रिंगच्या बाजूने कनिगर नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा बंदरात आडवा घुसला आहे. मोठी जहाजं आली की इथे फसायचीच. १८९५च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोळसा घेऊन निघालेलं ‘मोर्सबी’ नावाचं जहाज वादळात याच खाडीत अडकलं. २५ जणांपैकी २० बुडाले.

हा उथळपणा कालवांच्या मात्र पथ्यावर पडला. ओहोटीत लोखंडी मांडण्यांच्या रांगा उघड्या पडतात, त्यावर जाळीच्या पिशव्या, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली माणसं त्या पिशव्या उलटसुलट करून आपटत असतात. कालवं एकमेकांना चिकटू नयेत आणि शिंपला नीट भरावा म्हणून हे करावं लागतं. हिवाळ्यात कॅनडाच्या आर्क्टिक भागातून ब्रेंट जातीचे हंस येतात, त्यांनाही हाच चिखल हवा असतो.

गुरुवारच्या बाजारात काय मिळतं?

ग्रॅटन स्क्वेअरमध्ये दर गुरुवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मासे, सेंद्रिय भाजी, जवळपासच्या गोठ्यांतलं चीज, मध, जॅम, सोड्यावर फुगवलेला तपकिरी पाव. गर्दी प्रचंड नसते. पण इथे पिशवी भरायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट बोलण्यात जातो. घाई दाखवलीत तर तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं.

‘ब्ला’ जरूर घ्या. वॉटरफर्डचा हा चौकोनी, मऊ, वरून पीठ भुरभुरवलेला पाव आपल्या लादीपावाचा चुलतभाऊ शोभेल. २०१३पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. तो सकाळचाच, दुपारी उरलेला घेऊ नका.

खाण्याच्या बाबतीत गावाने नाव कमावलं ते अलीकडे. १९९७मध्ये शेफ पॉल फ्लिन आणि त्यांच्या पत्नी मॉर्या यांनी धक्क्याजवळच्या जुन्या चामड्याच्या गोदामात ‘द टॅनरी’ हे रेस्टॉरंट काढलं आणि लोक फक्त जेवायला म्हणून डनगार्व्हनला येऊ लागले. २००८पासून एप्रिलमध्ये खाद्यमहोत्सव होतो. २०१०मध्ये गावाची स्वतःची बिअर आली.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. पण सूप मागवताना त्यात कोंबडीचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या.

गावाचं पोट कशावर चालतं?

आधी मासे आणि धान्य, मग लोणी. दुधाच्या सहकारी संस्था या भागात फार मजबूत. १९६४मध्ये त्या एकत्र येऊन वॉटरफर्ड को-ऑप झाली, १९९७मध्ये ती ॲव्हनमोरमध्ये मिसळली आणि त्यातून ग्लॅनबिया ही मोठी कंपनी उभी राहिली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास माहीत असणाऱ्याला या प्रवासातले वळसे ओळखीचे वाटतील: सभासद शेतकरी, मग संचालक मंडळ, मग शेअरबाजार. चामड्याचा धंदा बंद झाला.

आज मोठा मालक म्हणजे औषधांचा कारखाना. पॅनाडॉलच्या गोळ्या इथे बनतात. कारखाना आधी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा, २०२२पासून हेलिऑनचा. आपल्याकडची क्रोसिन ज्या कंपनीची, तीच. शिवाय कौन्सिलची कचेरी. २०१४मध्ये शहर आणि काउंटीच्या कौन्सिल एकत्र केल्या आणि गावाची स्वतंत्र टाउन कौन्सिल रद्द झाली. वॉटरफर्ड शहराने आपल्याला गिळलं ही भावना इथे अजून आहे, आणि ती ऐकायला पबमध्ये फार वेळ थांबावं लागत नाही.

गावाचा स्वभाव कसा?

स्वतःबद्दल ठाम. वॉटरफर्डच्या सावलीत राहायला तयार नाही, कॉर्कच्या रुबाबाला हसणारं. आपण मोठं शहर नाही याचं दुःखही नाही. हर्लिंग, म्हणजे काठी आणि चेंडूचा आयरिश सांघिक खेळ, हा खरा धर्म. कापडदुकानदार डॅन फ्रेहरच्या नावाचं मैदान गावात आहे. १९०७च्या अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धेचा लांबलेला अंतिम सामना जून १९०८मध्ये डनगार्व्हनमध्येच झाला, आणि किलकेनीने कॉर्कला एका गुणाने हरवलं. वॉटरफर्डने स्वतः ही स्पर्धा जिंकली ती फक्त १९४८ आणि १९५९मध्ये. हा विषय चौकात उगाच काढू नका.

किती दिवस राहावं? कधी यावं?

दोन रात्री पुरेत. बुधवारी संध्याकाळी या म्हणजे गुरुवारचा बाजार सापडेल. मे ते सप्टेंबर बरा. पाऊस तेव्हाही येतो, फक्त थोडा कोमट असतो. कॉर्क किंवा वॉटरफर्डहून ४० नंबरची एक्सप्रेसवे बस गावातून जाते.

सायकलने यायचं असेल तर सुरुवात वॉटरफर्डहून करा. बोगदा आणि समुद्र शेवटच्या टप्प्यात येतात आणि डनगार्व्हनला पोचेपर्यंत भूक लागलेली असते. सायकल भाड्याने देणारे दोन्ही टोकांना आहेत आणि बरेच जण तुम्हाला गाडीने परतही सोडतात. तेवढं आधी फोन करून ठरवून घ्या, कारण संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर ४६ किलोमीटर उलटे मारावे लागतील.